वाचकांचे प्रश्न : चार एकर माळ आणि पाचशे झाडं

प्रश्न : ताई नमस्कार. बारामती तालुक्यात सुप्याच्या पुढे वडिलांच्या वाटणीची चार एकर जमीन आमच्या नावावर आलीये, पण जमीन कसली, नुसता माळ, मुरूम आणि कुसळं. वस्ती म्हणजे लांब लांब आठ-दहा घरं, त्यातल्या निम्म्यांना दिवाळीनंतर कुलूप. आम्ही पुण्यात असतो. तारेचं कंपाउंड घालून पाचशे झाडं लावायचा विचार आहे, म्हणजे ओसाड जागा जरा हिरवी होईल. चुलतभाऊ म्हणतो कंपाउंड नको, धनगरांच्या मेंढ्या बसवून घे, आणि त्याचे पैसे वर आपणच द्यायचे म्हणे! हे उलटं कसं काय? आणि लांडगे आहेत म्हणतात, मुलांना घेऊन राहायला जावं का?

उत्तर : चुलतभावाचं ऐका. म्हणजे सगळ्याच बाबतीत नाही, मी त्यांना ओळखत नाही, पण मेंढ्यांच्या बाबतीत नक्की. शंभर-दोनशे मेंढ्या रात्रभर एका जागी बसल्या की लेंड्या आणि मूत थेट जमिनीत, ना वाहतूक ना पसरायची मजुरी. म्हणून शेतकरी त्याबद्दल धान्य देतो, पूर्वी ज्वारी-बाजरी, आता बरेचदा रात्रीच्या हिशोबाने रोख. तुम्ही थोडं जरी पेरणार असाल तर करून बघा, नुसता माळच ठेवणार असाल तर पैसे घालवू नका, चरायला येऊ द्या म्हणजे झालं.

आणि ती कुलूपं. ती धनगर माणसं गाव सोडून गेलेली नाहीत हो, कोकणात गेलीयेत. दिवाळी झाली की वाडा निघतो, वाडा म्हणजे बरोबर चालणारी चार-सहा कुटुंबं, घोड्यांवर भांडीकुंडी, कोंबड्या, चालता न येणारी कोकरं, आणि घाट उतरून खाली. तिकडे तेव्हा भात निघालेलं असतं, रानं मोकळी, तिथलाही शेतकरी मेंढ्या बसवून घेतो. पावसाआधी परत वर, कारण कोकणातला पाऊस मेंढीला सोसत नाही आणि इकडे पहिल्या सरींनी तुमचा हाच "ओसाड" माळ हिरवा झालेला असतो. त्यात तुम्ही तार ठोकलीत तर वाट अडतेच, शिवाय चिंकारा तारेत अडकतो तो वेगळा. जवळच मयूरेश्वर अभयारण्य आहे ना, जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर, हरणं काय तेवढ्यातच राहणार थोडीच.

पाचशे झाडांचं मात्र स्पष्टच सांगते, नका लावू. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, खाली फूटभर माती की मुरूम, टँकरने किती वर्षं जगवणार? आणि समजा जगली, तर सावलीत गवत जाणार, गवत गेलं की चंडोल, धाविक, हिवाळ्यात येणारे भोवत्ये हे पक्षी सगळे जाणार, यांना उघडंच रान लागतं. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं आणि तिथेही मधल्या काळात गिरीपुष्प वगैरे झाडं लावली गेलीच! कागदोपत्री माळ म्हणजे पडीक, आणि पडीक दिसलं की आपले हात शिवशिवतात. बांधाला बोर, हिवर, बाभूळ अशी पाच-सात लावा, घरापाशी एक लिंब, बास. हिवर-बाभळीच्या शेंगा मेंढरं आवडीने खातात.

लांडगा आहे, असणारच. तो कोकरावर डोळा ठेवून असतो, माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. धनगर रात्री वाघर लावतात (जाळ्याचं कुंपण), कुत्री असतात, तरी कधीतरी एखादं कोकरू जातंच. त्याची भरपाई वनखात्याकडून मिळते पण लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो, आणि वाडा तर दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला, मग खेटे कोण घालणार. तिथे तुमची मदत होईल. मुलांना न्या, फक्त अंधारात एकटं सोडू नका, लांडग्यापेक्षा फुरशाची (विषारी साप) भीती जास्त.

प्रश्न : माळावर फिरून आलो की पँटमध्ये शेकडो कुसळं, धुवूनही जात नाहीत. उपाय?

उत्तर : धुवायच्या आधी काढा! कुसळाच्या शेपटीला सुकी असताना पीळ असतो, ओली झाली की तो उलगडताना ती फिरते आणि टोक आत घुसतं, बी जमिनीत रुतावं म्हणून ती सोय, तुमच्या पँटचा त्यात काही विचार नाही. मेंढीच्या तर कातड्यात जातं, म्हणून गवत कोवळं असतानाच चारून घेतात. गुळगुळीत नायलॉनची पँट घाला, आणि मोजे लोकरीचे तर मुळीच नकोत.