सारगासमचा अर्क जेली का होतो?

प्रश्न: हणजूणच्या खडकांवरचं सारगासम हे तपकिरी समुद्री शेवाळ वाळवून पाण्यात उकळलं. अर्क इतका घट्ट झाला की गाळताच येईना. यातलं सल्फेटयुक्त पॉलिसॅकराइड (शर्करांची लांब साखळी) वेगळं कसं करायचं? त्याची रचना पुस्तकातल्यासारखीच धरायची का?
– एमएस्सीची विद्यार्थिनी, म्हापसा

उत्तर: घट्टपणा अल्जिनेटचा आहे. तपकिरी शेवाळाच्या पेशीभित्तीत अल्जिनेट आणि फ्युकॉयडन ही दोन पॉलिसॅकराइडं शेजारीशेजारीच असतात; तुम्हाला हवं ते सल्फेटयुक्त म्हणजे फ्युकॉयडन. अल्जिनेटवर कार्बॉक्सिल गट असतात, सल्फेट नसतं. कॅल्शियम मिळालं की ते आत गोठून राहतं. फ्युकॉयडन मात्र विरघळलेलंच राहतं. म्हणून नुसतं पाणी न घेता २ टक्के कॅल्शियम क्लोराइड घ्या.

त्याआधी भुकटी ८५ टक्के इथेनॉलमध्ये रात्रभर ढवळा. कंटाळा करून ही पायरी टाळलीत, तर पॉलिफेनॉल शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाहीत. मग १० ग्रॅम भुकटीला २०० मिलि द्रावण, ८५ अंश सेल्सिअस, २ तास. सेंट्रिफ्यूज करून वरचा अर्क डायलिसिसला लावा (सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून क्षार बाहेर जातात, मोठे रेणू आत राहतात), नंतर इथेनॉलने साका पाडा. प्रमाण मिश्रणात ७० टक्के हवं: १०० मिलि अर्काला ९५ टक्क्यांचं सुमारे २८० मिलि. गरम आम्लाचा मोह नको, फ्युकोज या फ्युकॉयडनमधल्या मुख्य शर्करेचे बंध त्यात लवकर तुटतात.

बेरियम क्लोराइड-जिलेटिनने सल्फेट मोजताना समुद्राच्या पाण्यातलं सुटं सल्फेटही मोजलं जातं. आकडा संशयास्पद मोठा आला, तर डायलिसिस अपुरं झालं असावं. आम्लाने न तोडलेला नमुनाही सोबत मोजा; त्यात दिसेल ते सुटं सल्फेट.

आता रचना. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कायलिन यांनी १९१३ मध्ये फ्युकॉयडन प्रथम वेगळं केलं. पुस्तकातलं चित्र बहुधा फ्युकस या दुसऱ्या तपकिरी शेवाळाचं असतं: एल-फ्युकोजची साखळी, आलटून पालटून अल्फा १→३ आणि १→४ बंध, सल्फेट मुख्यतः दुसऱ्या आणि चौथ्या कार्बनवर. फ्युकोजच्या सहाव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल नसतोच, तिथे सल्फेट बसणार कुठून? सारगासममध्ये मात्र गॅलॅक्टोज, मॅनोज, झायलोज, ग्लुक्युरॉनिक आम्लही सापडतं, आणि प्रमाण जातीनुसार, हंगामानुसार बदलतं. ते चित्र जसंच्या तसं प्रबंधात उतरवू नका.

इन्फ्रारेड वर्णपटात १२४० प्रति सेंमीच्या आसपासचा पट्टा सल्फेट असल्याचं सांगतो. ८४५ चा पट्टा चौथ्या कार्बनवरच्या अक्षीय सल्फेटचा. ८२० चा मात्र फसवा: तो फ्युकोजच्या दुसऱ्या कार्बनचा असू शकतो, तसाच गॅलॅक्टोजच्या सहाव्याचाही. तेव्हा आधी शर्करांचं प्रमाण काढा, मग सल्फेट काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर मिथिलेशन (मोकळ्या हायड्रॉक्सिलांवर मिथिल गट बसवणं) करून तुलना करा; फरक दिसेल तिथे सल्फेट होतं.