सोडून ठेवलेली ट्रॉली आणि न दिलेलं म्हणणं

करमाळा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. ट्रॅक्टर स्वतःचा, मागे दोन ट्रॉल्या, कारखान्याशी ऊस वाहतुकीचा करार. जानेवारीतल्या एका रात्री मागच्या ट्रॉलीचा टायर फुटला. चालकाने जोडणीची पिन काढून ती भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला सोडली आणि पुढची घेऊन कारखाना गाठला. दोन-अडीच तासांनी एक मोटरसायकलस्वार मागून येऊन तिच्यावर धडकला आणि जागीच गेला. मयताच्या घरच्यांनी भरपाईचा दावा लावला आहे. विमा कंपनी म्हणते, पॉलिसी ट्रॅक्टरची आहे, ट्रॉलीची नाही. वाचकांचा प्रश्न असा: "ट्रॉली उभी होती, धडक त्याने दिली, ट्रॅक्टरचा विमा चालू होता. मग भरपाई मी का द्यायची?" आणि पत्राच्या शेवटी सहज लिहावं तसं: "कोर्टाचं समन्स दिवाळीआधी आलं होतं, पण कंपनीचा वकील बघेल म्हणून गेलो नाही."

हंगाम सुरू झाला की अशी पत्रं येतातच. प्रत्येकात धडक कोणी कोणाला दिली याचं सविस्तर वर्णन असतं आणि समन्सचा उल्लेख तळाशी, एका ओळीत. मी त्या ओळीपासूनच सुरू करतो.

कंपनीचा वकील कंपनीचाच असतो, तुमचा नव्हे. ही ट्रॉली आमच्या पॉलिसीत नाही, हे सिद्ध करणं हेच त्याचं काम. ते तो चोख करणार आणि खोडून काढायला तिथे कोणीच नसणार. तुमच्याविरुद्ध दावा एकतर्फी चालवण्याचा आदेश एव्हाना झाला असेल असं धरून चाला.

आता "उभी होती" या मुद्द्याकडे. तो टिकणार नाही. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातलंच एक प्रकरण होतं. ट्रकशी टक्कर होऊन पेट्रोलचा टँकर हायवेलगत उलटला, आणि काही तासांनी त्याचा स्फोट होऊन माणसं गेली. टँकर तेव्हा चालत नव्हता, म्हणून तो 'वापरात' नव्हता, असा बचाव झाला. न्यायालयाने तो फेटाळला. वाहन उभं असलं, बंद पडलेलं असलं, तरी त्याचा वापर संपत नाही आणि मधले काही तास गेले म्हणून संबंधही तुटत नाही. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२८) मधल्या व्याख्येत ट्रेलर, म्हणजे तुमची ट्रॉलीही, मोटार वाहनच आहे. म्हणजे कलम १४६ प्रमाणे त्याला स्वतःचा तृतीय पक्ष विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, हवा. पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये ट्रेलरचा रकाना असतो. तिथे तुमच्या या ट्रॉलीचा नंबर आणि तिचा प्रीमियम दिसतो का, ते आज रात्रीच बघा. दिसला तर कंपनीच्या या आक्षेपात फार दम उरत नाही. पण तुमच्या पत्राच्या सुरावरून मला वाटतं, तो रकाना कोराच असेल. एजंटाने विचारलं नाही आणि तुम्ही वाचलं नाही.

कोरा असला तरी एक वाट उरते, आणि ती त्याच १९९१ च्या निकालातून जाते. ट्रॉली तिथे आपोआप आली नाही. ट्रॅक्टरच्या चालकाने, ट्रॅक्टरच्या चालू खेपेत, ती सोडली. तेव्हा हा अपघात ट्रॅक्टरच्याच वापरातून घडला, असं म्हणता येतं. ट्रॉली जोडलेली असती तर हा युक्तिवाद बराच भक्कम झाला असता. पिन काढलेली असल्याने तो अवघड आहे, आणि मान्य होईलच अशी खात्री मी देणार नाही. पण तो मांडायचा तर लेखी म्हणण्यात, म्हणजे दाव्याला दिलेल्या तुमच्या लेखी उत्तरात, मांडावा लागतो, मग चालकाला साक्षीला उभं करावं लागतं. म्हणणंच नसेल तर दावा चालवणारं मोटार अपघात न्यायाधिकरण तुमच्या वतीने तो शोधून काढत बसणार नाही. तुमचं सगळं प्रकरण इथे अडलं आहे.

मोटरसायकलस्वाराची चूक? असेल. वेग, हेल्मेट, दिवा, जे असेल त्याप्रमाणे भरपाईतला काही हिस्सा कमी होऊ शकतो. मात्र स्थळ पंचनामा आधी वाचा. ट्रॉलीच्या मागच्या फळीला, फाळक्याला, रिफ्लेक्टरची पट्टी होती असं तुम्ही लिहिता, पण त्यावरून उसाची कांडी आणि वाढे हातभर बाहेर लोंबत असतील तर अंधारात ती पट्टी कोणाला दिसली असेल? मागे एक मीटरपर्यंत माल बाहेर काढण्याची जुनी सवलत २०१४ मध्येच केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ९३ मधून गेली. आता बाजूने, पुढे, मागे, कुठेच माल बाहेर चालत नाही. कलम १९४(१अ) चा दंड वीस हजार आणि वर माल उतरवण्याचा खर्च. तुम्हाला तो दंड झाला नाही, हे खरं. पण पंचनाम्यात "ऊस मागे बाहेर आलेला" एवढे चार शब्द असले तर निष्काळजीपणाचा वाद तिथेच निम्मा हरलात.

कंपनी आणखी एक गोष्ट काढेल. पॉलिसी शेतीच्या वापराची आणि तुम्ही भाड्याने दुसऱ्यांचा ऊस ओढत होता, ही. अशा वेळी अनेकदा कंपनीने आधी भरावं आणि मालकाकडून वसूल करावं, असा आदेश होतो. मयताच्या घरच्यांना पैसे मिळतात, तुमची सुटका होत नाही. कलम १७४ खाली ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. म्हणजे गाठ तहसील कचेरीशी आणि सातबाऱ्याशी. शिवाय दाव्याच्या तारखेपासून व्याज लागतं. आपल्याकडे दावे वर्षानुवर्षं रेंगाळतात हे मालकांना सोयीचं वाटतं, पण त्या प्रत्येक तारखेचं बिल शेवटी त्यांच्याच नावावर फाटतं.

चालकावरचा फौजदारी गुन्हा वेगळा. त्याचा निकाल काहीही लागो, भरपाईचा दावा त्याच्यावर अवलंबून नाही.

निवाडा अजून झालेला नसेल तर एकतर्फी आदेश रद्द करण्याचा अर्ज आणि सोबतच लेखी म्हणणं द्या. खर्च बसवून असे अर्ज बहुधा मंजूर होतात, साक्षीपुरावा संपल्यावर मात्र अवघड. पिन काढली होती हे लपवू नका. चालकाने पोलिसांना ते सांगितलंच असेल. आणि "मागच्या तारखेची ट्रॉलीची पॉलिसी देतो" म्हणणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा, नाहीतर भरपाईच्या जोडीला बनावट दस्तऐवजाचा गुन्हा लागेल. पॉलिसीची पूर्ण प्रत, ट्रॉलीचं नोंदणीपत्र, कारखान्याचा वाहतूक करार आणि पंचनाम्याची नक्कल घेऊन पुढच्या तारखेच्या आत वकीलपत्र दाखल करा. दुसरी ट्रॉली अजून खेपा करत असेल तर तिचा रकाना भरून घेतल्याशिवाय ती रस्त्यावर काढू नका.