बॅसेट हॉर्नला 'शिंग' म्हणावे का?

विचारणा अशी आली आहे: मोत्झार्टच्या 'रेक्विएम'वरच्या (मृतांसाठीच्या प्रार्थनेची संगीतरचना) माहितीपत्रकाचे मराठी करताना वाद्यांच्या यादीत 'दोन बॅसेट शिंगे' असे लिहिले आहे. हॉर्न म्हणजे शिंग, मग यात चूक काय?

चूक आहे, आणि ती नेमकी या रचनेत जास्तच खटकते. 'रेक्विएम'च्या (१७९१) वाद्यवृंदात फ्रेंच हॉर्न (गोल वेटोळ्याचे पितळी वाद्य) नाहीतच. फ्लूट नाही, ओबो नाही, नेहमीचे क्लॅरिनेटही नाही. तुतारीच्या कुळातले ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन आहेत, पण हॉर्न म्हणावे असे एकही वाद्य मोत्झार्टने घेतलेले नाही. ज्याच्या नावात हॉर्न आहे ते बॅसेट हॉर्न तर क्लॅरिनेटचे भावंड. म्हणजे संगीतकाराने जे गाळले, तेच आपण भाषांतरात परत घातले!

नाव फसवे का, ते वाद्याच्या घडणीत दिसते. अठराव्या शतकातले सुरुवातीचे बॅसेट हॉर्न कोयत्यासारखे वाकडे असत आणि त्यांवर कातडे चढवलेले असे. तो बाक पाहून 'हॉर्न'. 'बॅसेट' म्हणजे छोटा बास, खर्जाचा धाकटा भाऊ म्हणा. पुढे बाक जाऊन मधे कोन आला. तळाशी एक चपटे लाकडी खोके असे. त्याच्या आत नळी खाली, मग वर, मग पुन्हा खाली अशी फिरवलेली असे आणि खोक्याखाली पितळी कर्णा. एवढी कसरत खालच्या स्वरांसाठी. नेहमीच्या बी फ्लॅट क्लॅरिनेटपेक्षा हे वाद्य तळाला पाऊण सप्तक आणखी उतरते.

आता आपले शिंग घ्या. तेही आज जनावराच्या शिंगाचे नसते, तांब्यापितळेचे असते. तेव्हा 'हे लाकडाचे, म्हणून शिंग नव्हे' हा युक्तिवाद टिकणार नाही. फरक ओठांचा आहे. शिंगात ओठच थरथरतात. बॅसेट हॉर्नच्या मुखाला एक पातळ पत्ती बांधलेली असते, ती थरथरते. (सनईच्या जिव्हाळीत दोन पत्त्या असतात, त्या अर्थाने सनई ओबोच्या जवळची.) मराठीला हा फरक ठाऊक आहे, क्रियापद पाहा: शिंग फुंकतात, तुतारी फुंकतात, सनई वाजवतात. बॅसेट हॉर्न फुंकला असे कोणी म्हणणार नाही.

'रेक्विएम'चे पहिले काही क्षण ऐकले की 'शिंग' शब्द आपोआप गळून पडतो. तंतुवाद्ये हलके ठेके देताहेत, आणि त्यांवर बासून (ओबोच्या कुळातले खर्जाचे वाद्य) व बॅसेट हॉर्न एकामागून एक, एकमेकांच्या सुरात पाय टाकत येतात. आवाज काळसर, थोडा धुरकट, उजेड कमी केलेल्या खोलीसारखा. इथे वाचकाच्या कानात रणशिंग वाजले तर सगळाच घोटाळा.

मोत्झार्टचा या वाद्यावर जीव होता. त्याचा मित्र आन्टोन श्टाडलर हे वाद्य उत्तम वाजवी. 'ला क्लेमेंत्सा दि तीतो' या ऑपेरात विटेलिया या पात्राच्या गाण्याला बॅसेट हॉर्नची जी साथ आहे, ती त्याच्यासाठीच. प्रसिद्ध क्लॅरिनेट कंचेर्टोचा (एक वाद्य पुढे, वाद्यवृंद साथीला अशी रचना) आरंभही आधी बॅसेट हॉर्नसाठी लिहायला घेतला होता. पुढे मेंडेल्सझोनने क्लॅरिनेट आणि बॅसेट हॉर्नच्या जोडीसाठी दोन छोट्या रचना केल्या. नंतर वाद्य मागे पडले, ते रिचर्ड श्ट्राउसने 'एलेक्ट्रा' या ऑपेरात (१९०९) पुन्हा बाहेर काढले.

मग लिहावे काय? माझे मत: 'बॅसेट हॉर्न' असेच ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला 'खालच्या पट्टीचे क्लॅरिनेट' एवढा खुलासा जोडा. इंग्रजी 'वुडविंड'साठी 'काष्ठवाद्य' मला पटत नाही, त्याने झायलोफोन (लाकडी पट्ट्यांवर ठोकून वाजवायचे वाद्य) डोळ्यांपुढे येतो; 'सुषिर वाद्य', म्हणजे हवेने वाजणारे, हा जुना शब्द बरा. अनेकवचनात 'हॉर्न्स' नको, आपण रस्त्यावर 'दोन हॉर्न वाजले' म्हणतोच. मात्र 'बॅसेट' गाळून नुसते 'हॉर्न' कधी लिहू नका. मोत्झार्टच्याच 'ग्रान पार्तिता' या रचनेत दोन बॅसेट हॉर्न आणि चार खरे हॉर्न शेजारी बसतात. तिथे यादीत 'सहा हॉर्न' झाले, की क्लॅरिनेटवाले दोघे उगाच भलत्या रांगेत.