‘काय सोडाल?’ की ‘कशाचा त्याग कराल?’

ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळाबद्दल एका चर्चच्या मंडळीकडून प्रश्न असा आला आहे: ‘आमच्या मंडळीच्या पत्रकात “या उपवासकाळात काय सोडाल?” असं शीर्षक द्यायचं ठरलं होतं. एका ज्येष्ठ सभासदांनी हरकत घेतली. त्यांच्या मते “सोडणे” फार घरगुती आहे, “त्याग करणे” हवं. शिवाय “उपवास सोडणे” म्हणजे उपवास संपवणे, मग वाचकांचा घोटाळा होणार नाही का?’

‘सोडाल’च ठेवा, असं माझं ठाम मत आहे.

आधी घोटाळ्याची शंका. ‘चहा सोडला’ म्हणजे चहा बंद केला आणि ‘उपवास सोडला’ म्हणजे खायला सुरुवात केली. दोन्हीकडे क्रियापद करतं तेच: जे धरलं होतं त्यावरची पकड काढतं. उपवास आपण धरतो आणि वेळ झाली की सोडतो. मध्येच राहवलं नाही आणि खाल्लं, तर तो मोडतो. ‘उपास मोडला’ आणि ‘उपास सोडला’ यांतला फरक मराठी घरात लहान मुलालाही कळतो. तुमच्या वाक्यात ‘काय’ हे कर्म समोरच आहे, त्यामुळे कोणी फसणार नाही. ईस्टरच्या सूचनेत मात्र ‘उपवासाची सांगता’ असं छापा, म्हणजे तिथेही प्रश्न उरणार नाही.

‘सोडणे’ची खरी ताकद त्याच्या या जोडीदारात, ‘धरणे’त आहे. मराठीत माणसं काय काय धरतात पाहा: हट्ट, राग, अबोला, डूख, मनात अढी. घराच्या वाटणीवरून दोन जावांनी वर्षभर अबोला धरलेला असतो. मग कुणाच्या तरी बाप्तिस्म्याच्या जेवणात धाकटी पातेलं घेऊन येते आणि विचारते, ‘ताई, भात वाढू?’ पंगतीतल्या बायका एकमेकींकडे बघतात: सोडला बाई अबोला! इथे ‘अबोल्याचा त्याग केला’ असं कुणाच्या तोंडी येणार नाही. त्यागाला मोलाची वस्तू लागते. राज्याचा, संपत्तीचा, सुखाचा त्याग होतो आणि आपण काय देतो आहोत हे देणाऱ्याला पुरतं माहीत असतं. सोडण्याचं तसं नाही. आपण काहीतरी धरून बसलो आहोत हे पुष्कळदा सोडायला गेल्यावरच कळतं. चहा सोडणाऱ्याच्या लक्षात येतं की त्याला चहा फारसा नकोच होता, चार वाजता कामावरून उठायला निमित्त हवं होतं. रात्री मोबाइल लांब ठेवणारीला कळतं की खोलीतली शांतता तिला सोसत नाही. उपवासकाळात आत्मशोध म्हणतात तो बहुतेक वेळा इतक्या साध्या ठिकाणी लागतो, आणि ‘त्याग’ म्हटलं की नेमक्या याच गोष्टी क्षुल्लक वाटून यादीतून गळतात.

त्यागाला पाहणारेही लागतात. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातला जो उतारा वाचतात, त्यात येशू सांगतो की उपास करताना चेहरा उतरवून फिरू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. ‘मी चहा सोडला’ हे वाक्य या सांगण्याशी जुळतं. ‘मी चहाचा त्याग केला’ हे मला जुळवता येत नाही.

आता शास्त्राचा आधार. मत्तयच्या ग्रीक शुभवर्तमानात ‘आफिएमी’ हे क्रियापद थोड्या अंतरात वारंवार भेटतं. त्यांतली तीन ठिकाणं पाहा. चौथ्या अध्यायात रानातली परीक्षा संपल्यावर सैतान येशूला सोडून जातो. त्याच अध्यायात पेत्र आणि आंद्रिया हे कोळी भाऊ जाळी सोडून त्याच्यामागे जातात. सहाव्या अध्यायात, प्रभूच्या प्रार्थनेत, ऋणं सोडण्याची विनंती आहे. बायबल सोसायटीच्या मराठी भाषांतरात तिन्ही ठिकाणी ‘सोडणे’च आलं आहे. प्रार्थनेतली ओळ तर अनेकांना पाठ असते: जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड. पाठोपाठ ‘वाइटापासून सोडव’ येतं. सोड आणि सोडव! एक आपणही करायचं काम, दुसरं आपल्यासाठी कुणीतरी करायचं. यांचाच तिसरा भाऊ ‘सुटणे’. ‘त्यानं दारू सोडली’ आणि ‘त्याची दारू सुटली’ यांतलं अंतर त्याच्या घरच्यांना विचारा. दुसऱ्या वाक्यात कर्ताच बाजूला झाला आहे. ख्रिस्ती माणूस ज्याला कृपा म्हणतो, त्याला इतकी जवळची रचना मला दुसरी सुचत नाही.

जुन्या करारातल्या यशयाच्या 58व्या अध्यायात देव आपल्याला पसंत असलेला उपास कोणता ते सांगतो. तिथे जुवाच्या दोऱ्या सोडायच्या आहेत आणि जाचलेल्यांना मुक्त करायचं आहे. हा उतारा राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, वाचतात. इथे सोडणे म्हणजे गाठ सोडणे, तीही दुसऱ्याच्या मानेवरची. पत्रकात जागा असेल तर ही ओळ शीर्षकाखाली घ्याच.

ज्येष्ठ सभासद कदाचित ‘आत्मत्याग करावा’ या शुभवर्तमानातल्या शब्दांवरून बोलत असतील. तो शब्द रूढ आहे, त्याला हात लावायचं कारण नाही. मात्र मार्काच्या ग्रीक शुभवर्तमानात तिथे जे क्रियापद आहे, तेच पुढे पेत्र येशूला ओळखत नाही म्हणतो, त्या नाकारण्यासाठी येतं. त्या ‘आत्मत्यागा’चा मूळ अर्थ स्वतःला नाकारणं असा आहे, चहा-मिठाईशी त्याचा संबंध नाही.

एका ठिकाणी मात्र जपा. ‘सोडणे’चं कर्म माणूस असला की अर्थ फिरतो. ‘भावाला सोडा’ म्हणजे त्याला वाऱ्यावर टाका असाही अर्थ होतो, आणि क्षमेबद्दल लिहिताना तो नेमका उलटा पडेल. तिथे ‘भावावरचा राग सोडा’, ‘त्याच्याकडचं येणं सोडा’ असं लिहा. ‘सोडून द्या’ही चालेल, पण तेही राग, येणं, जुनी गोष्ट यांच्यासाठीच.