स्ट्रॅटेजी वॉर गेम खेळून मुलं खरंच इतिहास-भूगोल शिकतात का?

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगा नववीत आहे, रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवर युद्धाचे स्ट्रॅटेजी गेम खेळतो आणि हटकलं की म्हणतो, "आई, मी इतिहास-भूगोलच शिकतोय." हे खरं मानायचं का?

भूगोलाच्या बाबतीत खरं माना. इतिहासाच्या बाबतीत अर्धंच खरं आहे, आणि तो अर्धा भाग कोणता हे घरातल्या कुणीतरी त्याच्याजवळ बसून दाखवावं लागतं. मी नागपूरचा. कॉलेजपासून हे गेम खेळत आलोय आणि आता माझा भाचाही माझ्या शेजारी बसून खेळतो, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहतोय.

आधी भूगोल. शाळेत आपण नद्यांची नावं पाठ करतो, पण नदी आडवी आली की काय होतं हे पाठ करून समजत नाही. 'युरोपा युनिव्हर्सालिस 4' या गेममध्ये नदी ओलांडून हल्ला केला की लढाईसाठी गेम जो फासा टाकतो त्यात हल्ला करणाऱ्याचा एक गुण वजा होतो, डोंगरात चढून केला तर दोन. दोनचार लढाया अशा हरल्या की मुलगा लढाईआधी नकाशा वाचायला लागतो. शत्रू कुठे आहे यापेक्षा मधे काय आहे हे आधी बघतो. ही सवय लागली की खऱ्या लढायासुद्धा वेगळ्या दिसतात.

जालना जिल्ह्यातली असईची लढाई घ्या, 23 सप्टेंबर 1803. शिंदे आणि आपले नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांची फौज केळणा नदीच्या पलीकडे होती. वाटाड्यांनी इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याला सांगितलं की जवळपास दुसरा उतार नाही. त्याने पाहिलं की नदीच्या अलीकडे आणि पलीकडे अगदी समोरासमोर दोन गावं आहेत. गावं अशी वसली आहेत म्हणजे लोकांची ये-जा असणार, आणि ये-जा असणार म्हणजे उतार असणारच. त्याने तिथूनच सैन्य उतरवलं. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो उठून लॅपटॉपवर उपग्रह नकाशा उघडून ती नदी शोधत बसला. गेम खेळला नसता तर 'असईची लढाई, 1803' ही त्याच्यासाठी गाळलेली जागा भरण्यापुरती गोष्ट राहिली असती.

गाविलगडाचंही तसंच. चिखलदऱ्याला आपण विदर्भातले सगळेच जातो, पण गड नीट बघत कुणी नाही. दक्षिणेकडून, म्हणजे मैदानाच्या बाजूने, उभा कडा आहे. उत्तरेकडे मात्र गड डोंगराला जोडलेला आहे. इंग्रजांनी म्हणून सातपुड्याच्या वाटांनी जड तोफा ओढत उत्तरेला नेल्या आणि 15 डिसेंबर 1803 रोजी गड घेतला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. भोसल्यांचा ओरिसातला कटक प्रांत गेला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख गेला. अमरावतीला जाताना आपण जी वर्धा ओलांडतो ती एकेकाळी राज्याची हद्द ठरली, हे माझ्या भाच्याला गेमच्या नकाशावरच्या रंगीत रेषांमुळे चटकन कळलं. नदी हद्द का होते, हा प्रश्न त्याने स्वतःहून विचारला.

दुसऱ्या महायुद्धासाठी 'हार्ट्स ऑफ आयर्न 4' आहे. यात लढाईपेक्षा रसद जास्त शिकायला मिळते, आणि मला हा गेम त्याचसाठी आवडतो. जर्मनी घेऊन खेळताना भाचा एकदा रशियात बराच आत शिरला आणि ओरडला, "मामा, टँक सरकूनच नाही राहिले न! तेलच नाही राहिलं." मग तेलासाठी रुमानियातलं प्लोएश्त कुठे आहे, कॉकेशसमधलं बाकू कुठे आहे, हे त्याने शोधून काढलं. 1942 मध्ये जर्मन फौजा कॉकेशसकडे का वळल्या, याचं उत्तर त्याला मिळालं होतं, मी फक्त साल सांगितलं. जपानचंही तसंच. अमेरिकेने 1941 च्या उन्हाळ्यात तेल बंद केलं आणि जपानच्या डोळ्यांसमोर सुमात्रा-बोर्निओचं तेल आलं. जपान घेऊन खेळणाऱ्या मुलाला हे घरखर्चाच्या हिशेबाइतकं सरळ दिसतं, कारण त्याची स्वतःची टाकी रिकामी होत असते. सुएझ, जिब्राल्टर, सिंगापूर ही समुद्रमार्गांवरच्या नाक्यांची नावं त्याला पाठ करावी लागत नाहीत.

आता इतिहास. इथे सावध राहावं लागतं. गेममध्ये राज्य म्हणजे एक रंग आणि एक मालक. 'एम्पायर: टोटल वॉर' हा गेम 1700 साली सुरू होतो आणि त्यात मराठे 'कॉन्फेडरसी', म्हणजे सरदारांचा संघ, म्हणून दिले आहेत. मार्च 1700 मध्ये तर राजाराम महाराज सिंहगडावर वारले, ताराबाईंनी कारभार हाती घेतला आणि औरंगजेब एकेक गड घेत फिरत होता. शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले अशी आपापल्या मुलुखात बसलेली सरदार घराणी ही त्यानंतरची गोष्ट. गेममध्ये हे सगळं एका नावाखाली येतं आणि मुलाला वाटतं की एका माणसाच्या हुकमाने सगळे हलत होते. मराठ्यांच्या इतिहासातला सगळा ताण तर तिथेच आहे की ते तसे हलत नव्हते.

युरोपा युनिव्हर्सालिसमधल्या व्यापाराबद्दल मला खरोखर राग येतो. त्यात व्यापाराचे प्रवाह कायमचे ठरलेले आहेत. बंगाल, गुजरात, कोरोमंडलचा माल पश्चिमेकडे वाहतो आणि शेवटी व्हेनिस, जिनोआ किंवा इंग्लिश खाडीत साचतो. तुम्ही मराठे घेऊन अर्धं जग जिंकलं तरी तो प्रवाह उलटा फिरवता येत नाही. खऱ्या इतिहासात आपलं कापड आणि मसाले घ्यायला युरोपीय व्यापाऱ्यांना चांदी मोजावी लागायची आणि अमेरिकेच्या खाणींतली चांदी जहाजांतून इकडे यायची. संपत्ती युरोपातच जमणार हे 1444 पासून, म्हणजे गेम सुरू होतो त्या सालापासून, ठरलेलं होतं, असं त्या गेममधून मुलाच्या मनात बसतं. हे कुणी बोलून दाखवलं नाही तर ते तसंच राहतं.

आणि एक गोष्ट गेममध्ये अजिबात नसते, ती म्हणजे ज्यांच्या गावावरून फौज गेली ती माणसं. पहिल्या रघूजींच्या फौजा 1740 च्या दशकात भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर गेल्या. 1751 च्या तहात ओरिसा आणि वर्षाला बारा लाखांची चौथाई मिळाली. गेमच्या भाषेत हा मोठा विजय. पण कलकत्त्यात या फौजांच्या भीतीने 1742 मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला होता, आणि बंगाली आया आजही मुलांना निजवताना 'बर्गी' आले म्हणून गातात. ते बर्गी म्हणजे आपले नागपूरचे बारगीर. मी हे भाच्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मुलांना हे सांगायला लाजू नये असं माझं स्पष्ट मत आहे. रघूजींचा अभिमान मलाही आहे, आणि म्हणूनच ही बाजूही आपल्या मुलांना आपणच सांगितलेली बरी.

तुम्ही काय करू शकता? गेम बंद करू नका. टेबलावर शाळेचा नकाशासंग्रह उघडा ठेवा, कारण गेममधले प्रांत खेळाच्या सोयीसाठी पाडलेले असतात आणि डोंगर-नद्या पुष्कळदा ढोबळ असतात. तो एखादं शहर जिंकतो तेव्हा एकच प्रश्न विचारा: हेच का? उत्तर त्याला देता आलं तर शाबासकी द्या, नाही आलं तर दोघं मिळून शोधा.

नागपुरात राहत असाल तर त्याला सीताबर्डीचा किल्ला दाखवा. एरवी तो लष्कराच्या ताब्यात असतो, पण 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला लोकांसाठी उघडतात. नोव्हेंबर 1817 मध्ये आप्पासाहेब भोसल्यांची फौज संख्येने कितीतरी जास्त असूनही इथे हरली. तिथे दोन टेकड्या आहेत. धाकटी भोसल्यांच्या फौजेतल्या अरबांनी घेतली तेव्हा मोठ्या टेकडीवरचे इंग्रज त्यांच्या तोफांच्या टप्प्यात आले, आणि इंग्रजांनी धाकटी परत घेतल्यावर लढाई फिरली. वर उभं राहून त्याला विचारा, तू कोणती टेकडी आधी धरली असती. गेम खेळणारा मुलगा या प्रश्नावर तासभर बोलेल.

वयाचं म्हणाल तर 'एज ऑफ एम्पायर्स' आणि 'सिव्हिलायझेशन' या वयाला चालतात. 'क्रुसेडर किंग्ज' मात्र अजून दोनतीन वर्षं थांबवा, त्यात घराण्यातले खून आणि विवाहबाह्य संबंध हे खेळाचाच भाग आहेत. आणि मार्कांची अपेक्षा यातून ठेवू नका. राज्य मंडळाच्या नववीच्या इतिहासात स्वातंत्र्यानंतरचा भारत आहे, त्यासाठी त्याला पुस्तक घेऊनच बसावं लागेल.