काय काढून टाकलंय ते आधी वाच

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ३.१४ ही आवृत्ती आलीय, टीममधले दोघं मागे लागलेत आणि तुमचा प्रोजेक्ट अजून ३.९ वर आहे. "चालतंय ते कशाला बिघडवायचं?" हा तुझा प्रश्न आळशीपणाचा नाही, रास्त आहे. फक्त ३.९ च्या बाबतीत त्याचं उत्तर ठरून गेलंय. पायथनच्या प्रत्येक आवृत्तीला साधारण पाच वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, आणि ३.९ ची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली. म्हणजे हलायचं तर आहेच. कुठे आणि कसं, एवढंच उरलं.

नव्या सोयींची यादी सगळेच वाचतात. ३.१० मधलं मॅच (एखादं मूल्य कुठल्या नमुन्यात बसतं ते बघायची सोय), ३.११ चा वाढलेला वेग, छान आहे सगळं. तू मात्र काय काढून टाकलंय ते आधी वाच. पायथनसोबतच येणाऱ्या जुन्या मॉड्यूलांपैकी ३.१२ मधून पॅकेजं (वाटता येणारा तयार कोड) बांधायचं डिस्टयुटिल्स गेलं, ३.१३ मधून वेबसाठीचं सीजीआय आणि टेलनेटसाठीचं टेलनेटलिब. तुमच्या कोडमध्ये यांपैकी काही नसेलही. पण तुम्ही वापरता त्या एखाद्या जुन्या, कुणी न सांभाळलेल्या पॅकेजच्या पोटात डिस्टयुटिल्स नक्की बसलेलं असतं. माझा अनुभव तरी तसाच आहे. शिवाय सी भाषेमध्ये लिहिलेल्या पॅकेजांना नव्या आवृत्तीसाठी वेगळं बिल्ड, म्हणजे तिच्यासाठी बनवलेली प्रत, लागतं, आणि ते यायला कधी कधी महिने जातात. म्हणून मी तुमच्या जागी ३.१३ घेईन. तिची मुदत २०२९ च्या ऑक्टोबरपर्यंत आहे, आणि पहिल्या धक्क्याचे ओरखडे दुसऱ्यांनी सोसून झालेत.

एरर येऊन थांबणाऱ्या कोडची मला भीती वाटत नाही. पायथन २ वरून ३ वर जाताना आमच्याकडे प्रिंटच्या ओळी पहिल्याच मिनिटाला बोंबलल्या, त्या तासाभरात निस्तरल्या. भागाकार मात्र गप्प राहिला. ५ भागिले २ चं उत्तर आधी २ यायचं, आता २.५ यायला लागलं. एका अहवालातले आकडे त्यामुळे थोडे थोडे हलले आणि दोन आठवडे कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्यातून त्याच दिवशी मी दोन पॅकेजंही बदलली होती. मग दोष भाषेचा की पॅकेजचा, हे शोधण्यात आणखी तीन दिवस गेले. मूर्खपणा माझाच.

तेव्हा आवृत्ती बदलशील त्या कमिटमध्ये (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलात) दुसरं काहीही घालू नकोस. पॅकेजं हलवणं अटळ असेल तर ती आधी ३.९ वरच जेवढी वर नेता येतील तेवढी ने. मग डेप्रिकेशनच्या, म्हणजे 'हे पुढे काढलं जाणार आहे' असं सांगणाऱ्या, सूचना चालू करून टेस्ट चालव. त्या एरवी बहुतेक लपलेल्या असतात. टेस्टच नाहीत असं म्हणणार असशील, तर आधी आकडेमोड करणाऱ्या चार-पाच फंक्शनांच्या लिही, बाकीच्या राहू देत. आणि जुनं एन्व्हायर्नमेंट (३.९ आणि त्याच्या पॅकेजांचा संच) लगेच पुसू नकोस. महिनाअखेरीचा अहवाल एकदा दोन्हींवर काढून शेजारी ठेवून बघ.

पहिल्यांदा चालवल्यावर लाल ओळींचा ढीग दिसेल. त्यातली सगळ्यात वरची एरर तेवढी मला पाठव, पूर्ण लॉग नको.

तुझा,
जुना सहकारी