घरच्या गॅरेजमध्ये कार लिफ्ट: आधी जमीन, मग उंची, शेवटी लिफ्ट

प्रश्न: घराला लागून नवे गॅरेज बांधण्याचे काम काढले आहे. ऑइल बदलणे, ब्रेक, सस्पेन्शन आणि पुढे जमल्यास गिअरबॉक्स उतरवणे, अशी कामे मी स्वतः करू इच्छितो. दोन खांबांची लिफ्ट घेण्याचा विचार आहे. तळाचे काँक्रीट अजून ओतलेले नाही. कोणती लिफ्ट घ्यावी आणि बांधकामात कोणती काळजी घ्यावी?

उत्तर: काँक्रीट अजून ओतलेले नाही, ही आपल्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती आहे. बहुतेक जण आधी लिफ्ट पसंत करतात आणि ती दारात आल्यावर जमिनीचा विचार करू लागतात. आपल्याला हा क्रम उलटा करता येईल आणि तो आपण करावा, असा माझा आग्रह आहे.

दोन खांबांच्या लिफ्टमध्ये गाडीचे वजन सरळ खाली जमिनीवर येत नाही. गाडी खांबांपासून आत, लांब हातांवर पेललेली असते. त्यामुळे प्रत्येक खांब आतल्या बाजूला झुकू पाहतो आणि त्याच्या तळाशी बाहेरच्या बाजूला असलेले अँकर बोल्ट काँक्रीटमधून वर उपसले जाऊ पाहतात. गाडी, खांब आणि आपला जीव या तिन्हींचा भार अखेर त्या काही बोल्टांनी काँक्रीटमध्ये धरलेल्या पकडीवर असतो. घरगुती वापराच्या सुमारे ४ ते ४.५ टन क्षमतेच्या लिफ्टसाठी अनेक उत्पादक किमान १० सेंटिमीटर जाडीचे आणि सुमारे २१ मेगापास्कल ताकदीचे काँक्रीट मागतात. काही उत्पादक याहून अधिक जाडी मागतात. मात्र ही किमान अट आहे. नव्याने ओतताना लिफ्टच्या जागी किमान १५ सेंटिमीटर जाडी आणि खांबांच्या खाली त्याहून जाड, सळईची जाळी घातलेला चौथरा करून घ्यावा. आता त्याला थोडेच अधिक काँक्रीट लागेल. नंतर तेच करायचे तर जमीन फोडावी लागेल.

खांबांच्या जागा नकाशावर आधीच आखून घ्या, कारण काँक्रीटचा सांधा, भेग किंवा कडा बोल्टच्या फार जवळ येता कामा नये. उत्पादकाच्या पुस्तिकेत हे अंतर दिलेले असते आणि तेच प्रमाण मानावे. त्या जागेखालून पाण्याचा पाइप किंवा विजेची नळी जाणार नाही, हे ओतण्याच्या आदल्या दिवशी स्वतः उभे राहून पाहा. गॅरेजच्या जमिनीला दाराकडे उतार देण्याची पद्धत योग्य असली, तरी लिफ्टची जागा सपाट ठेवून उतार तिच्या पुढे सुरू करावा. बेसप्लेटखाली, म्हणजे खांबाच्या तळाच्या लोखंडी पाटाखाली, घालायच्या पत्र्याच्या चकत्या किरकोळ फरकासाठी असतात. बोल्ट आधीच काँक्रीटमध्ये गाडून ठेवू नयेत. खांब उभा करून बेसप्लेटच्या भोकांतूनच ड्रिल करावे, तेही काँक्रीटला २८ दिवस पूर्ण झाल्यावर. पहिल्या काही आठवड्यांच्या वापरानंतर बोल्ट टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासावेत.

आता उंचीकडे येऊ. गाडीखाली ताठ उभे राहायचे, तर ती सुमारे १.८ मीटर उचलावी लागते. सेडानची स्वतःची उंची साधारण १.५ मीटर धरली, तर तिचे छत ३.३ मीटरवर जाते. उंच एसयूव्हीसाठी ३.६ मीटर लागतात. खांबांना वरून जोडणारी तुळई असलेल्या लिफ्टची उंचीच साडेतीन मीटरच्या आसपास असते. तुळई खाली, जमिनीवर असलेला प्रकार कमी उंचीत बसतो, पण तिच्यावरून ट्रॉली जॅक किंवा गिअरबॉक्सचा जॅक ढकलताना दर वेळी अडथळा होतो. गिअरबॉक्स उतरवण्याचा आपला विचार पाहता छत ३.८ ते ४ मीटर ठेवून वरच्या तुळईचा प्रकार घ्यावा, असे माझे मत आहे. दाराचा प्रकारही आताच ठरवा, कारण वर सरकून छताखाली आडवे होणारे दार नेमके उचललेल्या गाडीच्या जागेतच येऊन बसते. गुंडाळले जाणारे शटर तिथे सोयीचे ठरते.

पंपाच्या मोटरसाठी स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र ब्रेकर ठेवावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. म्हणून स्विच आणि सॉकेट जमिनीपासून अर्धा मीटर तरी वर घ्यावेत. छतावरचा दिवा उचललेल्या गाडीमुळे पूर्ण झाकला जातो, त्यामुळे भिंतींवर कमरेच्या आणि खांद्याच्या उंचीला दिव्यांच्या पट्ट्या लावाव्यात.

लिफ्ट निवडताना स्वतंत्र संस्थेने प्रमाणित केलेलीच घ्यावी. युरोपात ईएन १४९३ आणि उत्तर अमेरिकेत एएनएसआय/एएलआय एएलसीटीव्ही ही वाहन-लिफ्टची मानके आहेत.

प्रश्न: माझे गॅरेज जुने असून छत जेमतेम अडीच मीटर आहे. जमिनीच्या काँक्रीटची जाडी माहीत नाही. माझ्यासाठी काही पर्याय आहे का?

उत्तर: आहे. साधारण एक मीटरपर्यंत उचलणारी सिझर लिफ्ट (कात्रीसारख्या उघडणाऱ्या पायांची) आपल्याला उपयोगी पडेल. ब्रेक, चाके आणि सस्पेन्शनची कामे स्टुलावर बसून नीट करता येतात. मात्र तिची चौकट गाडीच्या मध्यभागी येत असल्याने एक्झॉस्ट आणि गिअरबॉक्सपर्यंत हात पोहोचणे कठीण जाते. चार खांबांची लिफ्ट जमिनीला कमी त्रास देते, पण ती गाडी चाकांवरच उचलते. चाके काढायची तर ब्रिज जॅक (लिफ्टच्या मधोमध बसून गाडी चाकांवरून उचलणारा जॅक) वेगळा लागतो आणि एवढ्या कमी उंचीत तिचा फारसा लाभही मिळणार नाही. जाडी अंदाजाने ठरवू नका, एक लहान भोक पाडून मोजा. जमिनीत ताणलेल्या केबल असलेले काँक्रीट असल्याची शंका जरी असली, तरी अभियंत्याला दाखवल्याशिवाय ड्रिल लावू नका.

प्रश्न: हायड्रॉलिकचे तेल गळाले, तर गाडी अंगावर येईल का? घरच्यांना याचीच भीती वाटते.

उत्तर: त्यांची भीती रास्त आहे. गाडी तेलाच्या दाबावर उभी ठेवून तिच्याखाली कधीही जाऊ नये. हव्या त्या उंचीच्या थोडे वर नेऊन गाडी यांत्रिक लॉकवर खाली टेकवावी; दोन्ही खांबांतली लॉक बसल्याचे डोळ्यांनी पाहावे आणि मगच खाली जावे. त्यानंतर भार लोखंडी खुंटीवर असतो, तेलावर नव्हे.

मात्र प्रत्यक्षात धोका अनेकदा लिफ्टचे हात गाडीखाली चुकीच्या जागी टेकल्यामुळे निर्माण होतो. गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या उचलण्याच्या जागीच हातांच्या टोकांचे पॅड लावावेत. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी तळाशी असल्याने याबाबत जराही सवलत नाही. चाके जमिनीपासून वीतभर सुटली की थांबून गाडी हाताने हलवून पाहावी आणि ती डळमळली, तर खाली घेऊन पॅड पुन्हा लावावेत. इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवल्यावर गाडीचा तोल सरकतो. म्हणून त्यांचा पहिला नट सैल करण्यापूर्वीच गाडीच्या दोन्ही टोकांना उंच स्टँड लावलेले असले पाहिजेत.